हुरिगाळु: कढईत भाजायचं, कानानं पारखायचं

म्हैसूरकडच्या घरांत गोकुळाष्टमीला देवापुढं जी ताटं मांडतात त्यांत चकली असते, कोडुबळे म्हणजे तळलेली तिखट कडी असतात, गोड-तिखट अवलक्की म्हणजे पोहे असतात, लाडू असतात. या सगळ्याच्या कडेला भाजलेल्या कडधान्यांचं एक साधं ताट असतं. हरभरा, मूग, चवळी, वाटाणा, कुळीथ, शेंगदाणे असं सगळं एकत्र, वर सुक्या खोबऱ्याचे पातळ काप. हेच हुरिगाळु. तळण नाही, पीठ नाही, सोऱ्या नाही. तरीही त्या रांगेतला सगळ्यात जास्त लक्ष मागणारा पदार्थ हाच, असं माझं ठाम मत आहे. चकली थोडी मऊ पडली तरी माणसं आवडीनं खातात. हुरिगाळु नीट भाजले गेले नाहीत तर एक घास घेऊन वाटी बाजूला सरकते.

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर म्हैसूरला आले. सासूबाईंना मी इथल्या रीतीनं ‘अत्ते’ म्हणते. हा पदार्थ त्यांनी मला शिकवला तो ओट्याशी उभं राहून, कुठलंही माप न सांगता. त्यांचा एकच आग्रह असे: ‘सद्दु केळम्मा’, आवाज ऐक गं. कढईतल्या दाण्याचा रंग फसवतो, वासही उशिरा कळतो, आवाज मात्र वेळेवर सांगतो. पुढं मी मापं, तास, मिनिटं सगळं देणार आहे, कारण पहिल्यांदा करणाऱ्याला धरायला काहीतरी लागतं. पण तुमची कढई, तुमचा गॅस आणि तुमच्या दुकानातला हरभरा माझ्यासारखा नसणार. म्हणून मिनिटांपेक्षा आवाजावर विश्वास ठेवा.

आधी दाणे निवडू. हरभरा देशी घ्या, लहान, गडद तपकिरी सालीचा. काबुली नको. त्याचा दाणा मोठा, बाहेरून लाल होतो आणि पोटात ओल राहते. मूग अख्खे हिरवे. चवळी लहान दाण्याची मिळाली तर उत्तम, म्हैसूरच्या संतेपेटेत तांबूस बारीक चवळी मिळते, ती पांढऱ्या मोठ्या चवळीपेक्षा जास्त कुरकुरीत होते. वाटाणा वाळलेला, पांढरा किंवा हिरवा. हिरवा घेतलात तर धुताना पाण्याकडं बघा. पाणी गडद हिरवं व्हायला लागलं तर तो रंग लावलेला वाटाणा आहे, वापरू नका. कुळीथ कर्नाटकाच्या कोरडवाहू भागातलं धान्य, इथल्या स्वयंपाकात त्याला मोठा मान आहे आणि हुरिगाळुत त्याची जी किंचित मातकट, खमंग चव येते ती दुसऱ्या कशानं येत नाही. दाणा बारीक आणि टणक असतो, म्हणून थोडाच घ्यायचा. याशिवाय थोडी हरभराडाळ. अख्ख्या दाण्यांत ती हलकी लागते आणि तिखट-मीठ सगळ्यात छान तिलाच धरतं. उत्तर कर्नाटकातल्या मैत्रिणी मटकी घालतात. कलबुर्गीकडं तूर भरपूर पिकते, अख्खी तूर मिळाली तर तीही घाला.

राजमा मात्र कधीही घालू नका. कच्च्या राजम्यात एक असा घटक असतो जो नीट उकळल्याशिवाय निष्प्रभ होत नाही. कोरड्या भाजणीनं ते काम होईलच असं नाही, आणि तसा राजमा खाल्ला तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा पडतो. वाळलेला पावटाही मी यात घेत नाही, तो भिजवून शिजवूनच खावा. पावट्याची हौस इथं थंडीत भागते. डिसेंबर-जानेवारीत ओल्या अवरेकाळुचा, म्हणजे पावट्याचा, हंगाम आला की दाणे भिजवून, चिमटीत दाबून सोलतात आणि तळून त्याचा चिवडा करतात. तो वेगळा पदार्थ, त्याची कृतीही वेगळी.

एका मोठ्या डब्यासाठी माझं प्रमाण असं: हरभरा 200 ग्रॅम, मूग, चवळी आणि वाटाणा प्रत्येकी 100 ग्रॅम, कुळीथ आणि हरभराडाळ 50-50 ग्रॅम, शेंगदाणे 150 ग्रॅम, सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी. वर घालायला अडीच चमचे मीठ, दोन चमचे बेडगी मिरचीचं तिखट, अर्धा चमचा हिंग, पाव चमचा हळद, मूठभर कढीपत्ता. चमचा म्हणजे चहाचा, सपाट भरलेला. तिखट बेडगीचंच घ्या असं सांगते, कारण ती मिरची रंग भरपूर देते आणि जाळ कमी. कोरड्या पदार्थावर झणझणीत तिखट घशात ठसकतं.

आता भिजवणं. प्रत्येक कडधान्य वेगळ्या भांड्यात भिजवायचं, ही पहिली अट. भांडी जास्त होतात, होऊ द्या. हरभरा, वाटाणा आणि कुळीथ यांना दहा-बारा तास लागतात, म्हणून ते रात्रीच पाण्यात टाकायचे. मूग आणि चवळी सहा तासांत तयार होतात, ते पहाटे उठल्यावर. हरभराडाळ सगळ्यात शेवटी, दोन तास पुरे. शेंगदाणे भिजवायचे नाहीत. पाणी दाण्याच्या तिप्पट ठेवा, कारण भिजल्यावर कडधान्याचं वजन जवळजवळ दुप्पट होतं आणि वरचे दाणे कोरडे राहिले तर भाजताना तेच टणक निघतात. भिजलं की नाही हे हरभऱ्याचा एक दाणा दातानं दोन तुकडे करून बघा. मधोमध फिकट, कोरडा ठिपका दिसला तर अजून तास-दोन तास थांबा. उन्हाळ्यात पाणी एकदा बदला, नाहीतर आंबूस वास धरतो. आणि मोड येऊ देऊ नका. मोड फुटला की दाण्यातली साखर वाढते, तो लवकर करपतो आणि पोकळ लागतो. चुकून मोड आलेच तर त्याची उसळ करा, हुरिगाळुसाठी नव्यानं भिजवा.

भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, दाणे दोनदा धुवायचे. पोटात वायू धरणाऱ्या गोष्टी बऱ्याचशा त्या पाण्याबरोबर जातात.

यानंतर गणंग काढायचे. ही पायरी वगळून कुणीही हुरिगाळु करू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. भिजून न फुगलेला एखादा दाणा उसळीत फार तर दाताला लागतो. भाजल्यावर तोच दाणा दगडासारखा होतो आणि दाढेचा तुकडा पाडू शकतो. मूग आणि कुळीथ यांत गणंग जास्त निघतात. भिजलेले दाणे स्टीलच्या ताटात थोडे थोडे पसरा. गणंग लहान, गडद, चकचकीत दिसतो, बाकीचे फुगून फिके झालेले असतात. डोळ्यांनी दमलात तर मूठभर दाणे वीतभर उंचीवरून ताटात सोडा. फुगलेला दाणा ‘थप्प’ वाजतो, गणंग ‘टण्’ करून उडतो. अत्ते कुळीथ असेच पारखत, बोलता बोलता, ताटाकडं न बघता.

आता वाळवण, आणि इथं मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळा पदार्थ इथंच ठरतो. भाजणं हे शेवटचं अर्ध काम.

दाण्यात दोन प्रकारचं पाणी असतं असं समजा. एक सालीवरचं, एक पोटातलं. सालीवरचं पाणी पूर्ण जायला हवं, पोटातलं राहायला हवं. साल ओली असताना दाणे कढईत गेले तर कढईची सगळी धग ते पाणी उडवण्यात खर्च होते, लोखंड गार पडतं, आणि दाणा भाजण्याऐवजी स्वतःच्या वाफेत अर्धवट शिजतो. असा दाणा नंतर कितीही वेळ भाजला तरी चिवट राहतो. उलट, पोटातली ओलही गेली, म्हणजे दिवसभर कडक उन्हात ठेवून दाणा पुन्हा पहिल्यासारखा कडक झाला, तर भिजवल्याचा उपयोगच संपला. दाण्याच्या आत अडकलेली ओल तापते, तिची वाफ होते, ती वाफ बाहेर पडायला वाट शोधते, साल तडकते आणि आत बारीक बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांमुळं दाणा खुसखुशीत होतो. ओलच नसेल तर पोकळ्या कुठून येणार?

म्हणून रीत अशी. धुतलेले दाणे रोवळीत किंवा चाळणीत अर्धा तास निथळू द्या. मग जुन्या मऊ धोतराच्या किंवा सुती साडीच्या कापडावर एकपदरी पसरा, प्रत्येक कडधान्य वेगळं. पंख्याखाली, सावलीत. अधूनमधून हात फिरवून उलटे करा. साधारण दीड ते दोन तास लागतात. हरभराडाळीला तासभर पुरतो, तिला सालच नाही. अष्टमी श्रावणात येते, तेव्हा इथं आभाळ भरलेलं असतं आणि हवेत दमटपणा असतो. अशा वेळी कापड ओलं झालं की बदलायचं, तेच कापड तसंच ठेवलं तर दाण्यांखालची ओल जात नाही. परीक्षा सोपी आहे. मूठभर दाणे घट्ट दाबून मूठ उघडा. तळवा कोरडा आणि एकही दाणा तळव्याला चिकटलेला नाही, म्हणजे साल वाळली. मग त्यातला एक दाणा नखानं दाबा. नख रुतलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळल्या की गॅस पेटवा.

कढई लोखंडी, जाड, पसरट. नॉनस्टिक भांडं यासाठी वापरू नका, ते रिकामं इतका वेळ तापवायचं नसतं. कढई मध्यम आचेवर चांगली तापू द्या. पाण्याचा थेंब टाकल्यावर लगेच नाचून उडाला पाहिजे. मग आच मंद आणि मध्यमच्या मध्ये आणा आणि दोन मुठी दाणे घाला, त्याहून जास्त नाही. तळाशी एकच थर बसला पाहिजे. वर दुसरा थर चढला की खालचे करपतात आणि वरचे वाफाळतात. त्यामुळं एवढ्या प्रमाणाला आठ-दहा घाणे होतात आणि दोन तास सहज जातात. ही वेळ आधीच काढून ठेवा, घाईच्या सकाळी हे काम हातात घेऊ नका.

हलवायला उलथनं चालतं, पण मी जुन्या सुती फडक्याची जाड घडी वापरते. ती घडी दाण्यांवर हलकेच दाबून गोल फिरवायची. त्यानं प्रत्येक दाणा कढईच्या तळावर लोळतो आणि सगळीकडून सारखा भाजला जातो. घडी जाड ठेवा आणि कापड सुतीच असू द्या. कुठंही नायलॉनचा धागा नको, आणि कोपरे कढईबाहेर ज्योतीकडं लोंबायला नकोत.

हरभऱ्यापासून सुरुवात करा, कारण त्याचा आवाज सगळ्यात स्पष्ट असतो आणि कान तयार होतो. पहिली काही मिनिटं नुसती जड, ओलसर घसरण ऐकू येते आणि वर थोडी वाफ दिसते. मग साल सुरकुतते आणि आवाज कोरडा व्हायला लागतो. पाच-सात मिनिटांनी पहिला ‘तड्’ येतो, मग एकामागून एक तडतड सुरू होते. साली फुटतात, काही दाण्यांची आतली पिवळी डाळ दिसते. इथं बहुतेक जण गॅस बंद करतात, कारण रंग सुंदर आलेला असतो. थांबा. या वेळी दाणा बाहेरून झालेला असतो, आतून नाही. हा घाणा ताटात काढून पसरा आणि दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या. तोवर दुसरा घाणा घ्या. गार होताना पोटातली उरलेली ओल हळूहळू सालीकडं येते. मग तोच हरभरा पुन्हा कढईत घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजा. भट्टीवर फुटाणे करणारेही हरभरा एकदा भाजून मुरू देतात आणि मग पुन्हा भाजतात, त्यामागं हेच कारण आहे. दुसऱ्या खेपेला तडतड फार होत नाही. आवाज बदलत जातो तो खणखणीतपणाकडं. दाणे कढईत हलवल्यावर काचेच्या मण्यांसारखे वाजायला लागले की झालं.

चव बघताना गरम दाणा चावू नका. गरम दाणा नेहमी मऊच लागतो, मग माणूस घाबरून आणखी भाजतो आणि कडू करून बसतो. एक दाणा बाजूला काढा, पूर्ण गार होऊ द्या, मग चावा.

वाटाण्यालाही अशाच दोन खेपा, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. दोन्ही खेपा मिळून वीस-पंचवीस मिनिटं धरा. वाटाण्याची साल सैल होऊन सुटते, ती फुंकून टाका. चवळी एकाच खेपेत दहा-बारा मिनिटांत होते, तिचे दोन तुकडे होऊन फाके पडतात, ते चांगलंच लक्षण. मूग आठ-दहा मिनिटांत. त्याचा रंग हिरव्यावरून फिकट तपकिरीकडं जातो आणि घरभर वास सुटतो. या वासाला भुलून आच वाढवू नका, मूग करपायला वेळ लागत नाही. कुळीथ फार उडतो. हातात झाकण तिरकं धरून ठेवा, डोळ्यांत जाईल इतक्या जोरानं दाणे बाहेर येतात. मुलं ओट्याजवळ नकोत. हरभराडाळ सात-आठ मिनिटं, मंदच. शेंगदाणे सर्वांत शेवटी, मंद आचेवर, साल तडकून आत फिकट बदामी ठिपके दिसेपर्यंत.

आणि हो, वेगवेगळी कडधान्यं एकाच घाण्यात एकत्र भाजू नका. जेवढ्या वेळात वाटाणा होतो तेवढ्या वेळात मुगाचा कोळसा होतो. दाण्यांची भेट परातीत व्हावी, कढईत नाही.

कुणाला वाळू किंवा मिठात भाजायचं असेल तर तीही जुनी, चांगली रीत आहे. घरी मीठ सोयीचं. दाण्यांच्या दुप्पट जाडं मीठ कढईत दहा मिनिटं तापवा, त्यात हरभरा किंवा वाटाणा घालून परता, तडतड थांबली की चाळणीत ओतून मीठ खाली पाडा. सगळीकडून सारखी धग लागल्यामुळं दाणा छान फुलतो. तेच मीठ गार करून बरणीत भरून पुढच्या वेळी वापरता येतं, स्वयंपाकात मात्र घालू नका. बारीक दाण्यांना ही रीत देऊ नका, मुगातून आणि कुळथातून मीठ चाळून काढणं त्रासाचं होतं. ओव्हन असेल तर 160 अंशांवर अर्धा तास, मधे दोनदा हलवून. तेही खाण्यालायक होतात, फक्त लोखंडाचा खमंगपणा त्यांत उतरत नाही.

काही घरांत हरभरा शेवटचा अर्धा तास आंबट ताकात मीठ-हिंग घालून मुरवतात आणि मग वाळवतात. चव सुरेख येते, पण ताकातला पांढरा अंश कढईला धरतो आणि प्रत्येक घाण्यानंतर कढई पुसावी लागते. मी ते एकदोन मुठींपुरतंच करते.

तिखट-मीठ लावण्याची माझी पसंती तेल न वापरता. तीन मोठे चमचे पाण्यात मीठ, हळद, हिंग आणि तिखट नीट कालवा. शेंगदाणे सोडून सगळी भाजलेली कडधान्यं एकत्र करून ती मोठ्या कढईत मंद आचेवर गरम करा, चांगली गरम झाली की हे पाणी शिंपडत जा आणि दुसऱ्या हातानं भरभर हलवा. चर्र आवाज होतो, पाणी क्षणात उडतं आणि मीठ-तिखटाचा बारीक पापुद्रा प्रत्येक दाण्यावर बसतो. पुन्हा चार-पाच मिनिटं परता, आवाज परत खणखणीत होईपर्यंत. हा शेवटचा परतावा टाळला तर शिंपडलेलं पाणी आत जिरून दाणे दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. कढीपत्ता वेगळा, कोरडाच, हातात चुरडेल इतका भाजून मिसळा. फोडणी आवडत असेल तर दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता करून गॅस बंद केल्यावर तिखट घाला आणि त्यावर दाणे ओता. चवीला ती सरस आहे यात शंका नाही, पण तेल लागलेले दाणे आठ-दहा दिवसांत खवट वासाकडं झुकतात. तेलाविना केलेले महिनाभर टिकतात. दोन दिवसांत संपणार असतील तर फोडणी, डबा भरायचा असेल तर पाणी.

नैवेद्यासाठी थोडे गोडही करतात. दोन वाट्या भाजलेल्या, तिखट-मीठ न लावलेल्या दाण्यांना पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि दोन मोठे चमचे पाणी. गूळ विरघळवून गाळून घ्या आणि मंद आचेवर पाक करा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी करा, ती ताटलीवर टाकल्यावर वाजली पाहिजे. न वाजणारा पाक चिकट राहतो आणि दाणे एकमेकांना धरून बसतात. गॅस बंद करून वेलची, भाजलेले तीळ, दाणे घाला आणि गार होईपर्यंत हलवत राहा, म्हणजे दाणे सुटे होतात. चिक्कीच्या गुळापेक्षा साधा, मऊ गूळ यात बरा, आणि म्हैसूरजवळच्या मंड्याचा मिळाला तर फारच छान. आमच्या घरी मात्र तिखट हुरिगाळुबरोबर गुळाचा खडा ठेवतात, मला तीच जोडी जास्त आवडते.

डबा भरायची घाई करू नका. सगळं परातीत पसरून पूर्ण, अगदी पूर्ण गार होऊ द्या, तासभर तरी. कोमट दाणा डब्यात गेला की झाकणाला आतून घाम येतो. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, कोरडा. शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप या डब्यात घालू नका. ते वेगळ्या बरणीत ठेवा आणि खायला घेताना मिसळा, कारण दोन्हींना तेल असतं आणि सगळ्यात आधी तीच खवट होतात. पावसाळी हवेनं दाणे सादळलेच तर कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतले की परत कुरकुरीत.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात हे अख्खे दाणे अजिबात देऊ नका. हरभरा आणि शेंगदाणा श्वासनलिकेत अडकतो. त्यांच्यासाठी तिखट न लावलेले दाणे मिक्सरमध्ये बारीक दळून गूळ आणि तुपात कालवा, छोटे लाडू वळा. दातांनी अधू झालेल्या घरच्या वडीलधाऱ्यांना खलबत्त्यात भरड कुटून, वरून ओलं खोबरं आणि लिंबू घालून द्या. अत्तेंना आता मी असंच देते.

एरवी संध्याकाळच्या कॉफीबरोबर वाटीभर, किंवा चुरुमुरीत मूठभर. चुरमुरे, किसलेलं गाजर, कांदा, कोथिंबीर, लिंबू यांत हे दाणे पडले की नुसत्या शेंगदाण्यांपेक्षा कितीतरी चांगले लागतात. एकावेळी फार खाऊ नका, आणि वर पाणी भरपूर प्या.

डब्याच्या तळाशी शेवटी फाके, साली, तुकडे आणि तिखटाचा चुरा उरतो. सण होऊन गेला की त्यात चार लसूण पाकळ्या, थोडं भाजलेलं सुकं खोबरं, चिमूटभर गूळ आणि चिंचेचं एक बुटुक घालून भरडसर वाटा. चटणीपुडी तयार. गरम भातावर तुपाबरोबर किंवा दोसा-भाकरीला तेल घालून. लसूण ओली असल्यानं ही पुडी आठवडाभरातच संपवा, जास्त ठेवायची तर लसूण आधी कोरडी भाजून घ्या.